शटरनं कुणाचं ऐकायचं

"अण्णा, हात काढा! पहिले हात काढा त्या शटरवरून!"

ही माझ्या बायकोची आरोळी. चिकलठाण्याला आमच्या घरावरून विमानं उतरतात, आणि त्या घरघरीत शेजारणीला स्वतःच्या कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. पण ही आरोळी थेट वर वैमानिकाला ऐकू गेली असावी, कारण त्या सकाळचं विमान एक चक्कर जास्त मारून उतरलं. मी चहाचा कप हातात घेऊनच पळालो. बघतो तर काय, माझे वडील, वय सत्त्याहत्तर, उजवा हात गळ्यातल्या झोळीत, आणि डाव्या हातानं गाडीच्या खोलीचं शटर गुडघ्यापर्यंत उचललेलं. तेवढ्यानं भागेना म्हणून झोळीतला हातही मदतीला बाहेर निघाला होता.

"मी उचललं असतं की, अण्णा."

"तुझं उठून व्हईस्तोवर दुपार व्हती," अण्णा म्हणाले आणि त्यांनी हिसका दिला. शटर धाडकन वर गेलं आणि त्याच क्षणी कुठून तरी कट्ट असा आवाज आला. शटरचा, की खांद्याचा? विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

हाडाच्या डॉक्टरांनी आदल्याच आठवड्यात अण्णांना स्पष्ट सांगितलं होतं. खांद्यातला स्नायू अर्धा फाटलाय. असंच शटर ओढत राहिलात तर उरलेला अर्धाही जाईल. मग ऑपरेशन, आणि या वयात ऑपरेशननंतरही हात डोक्यापर्यंत जाईलच याची खात्री नाही. हात डोक्यापर्यंत नाही म्हणजे फेटा दुसऱ्याकडून बांधून घ्यायचा. अण्णांनी आजवर कुणाला आपल्या फेट्याला बोट लावू दिलेलं नाही. माझ्या लग्नात फोटोवाल्यानं फेटा जरा सरळ करायला हात पुढं केला, तर त्यानं पुढचे सगळे फोटो पळत पळत काढले.

पण शटर सोडवत नव्हतं. त्याचं कारण छावणीच्या बाजारात होतं. आमच्या घराण्यात सगळे मेंढरांमागं चालत आले. मेंढरांच्या लोकरीवर बसणारा पहिला माणूस म्हणजे अण्णा. चाळीस वर्षं त्यांनी तिथं घोंगड्यांचं दुकान चालवलं, आणि चाळीस वर्षं रोज सकाळी शटर स्वतःच्या हातानं वर केलं. दुकान सोडून आमच्याकडं राहायला आले तेव्हा त्यांनी घरातलं एकच काम मागून घेतलं, ते शटरचं. त्यांनी ते वर केल्याशिवाय दिवस उगवलाय हे सूर्यालाही पटत नाही, असं त्यांचं मत.

तेव्हा ठरलं, शटरला मोटर बसवायची. बायको म्हणाली, "मोटर कुणीही आणेल हो. अण्णा तिला नांदू देतील अशी आणा."

म्हणून अण्णांना घेऊनच क्रांती चौकाजवळच्या दुकानात गेलो. मालक म्हणजे मेंदी लावलेल्या दाढीचे एक चाचा. विकायचेही तेच, बसवायचेही तेच. त्यांनी आधी हातातला रिमोट दाखवला.

अण्णा म्हणाले, "घरात टीव्हीचा रिमोट सापडत नाय. याला कोण हुडकीत बसणार?"

चाचांनी मोबाइलवरून चालणारी मोटर दाखवली.

"म्हंजी बॅटरी उतरली की गाडी कैदेत. नाय."

भिंतीवरचं बटण दाखवलं.

"बटण दाबायला लिफ्ट हाय का ही?"

दोन तास हे चाललं. चाचांनी तीनदा चहा मागवला. त्यातला तिसरा फक्त स्वतःसाठी. अण्णा एकेक मोटर नापसंत करत होते आणि मला दर नकाराला त्यांचा खांदा आणखी एका धाग्यानं उसवलेला दिसत होता. शेवटी चाचांनी कपाटातून साबणाच्या वडीएवढी एक डबी काढली.

"अण्णा, ये मोटर को लगानेकी डब्बी. बोले सो सुनती. हात लगानेका कामच नै."

अण्णा पहिल्यांदाच पुढं झुकले. "माझं ऐकल?"

"हौ, सबका सुनती."

"मंग घ्या," अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "घरात एक तरी ऐकणारं व्हईल."

वीज गेल्यावर मोटरची साखळी हातानं ओढावी लागते, हे चाचांनी हळूच माझ्या कानात सांगितलं. घरी आल्यावर मी ते बायकोच्या कानात सांगितलं. तिनं साखळी बसायच्या आधीच तिला घालायला कुलूप आणून ठेवलं.

रविवारी चाचा मोटर बसवायला आले, तेव्हा गल्ली गोळा झाली होती. सांगायला हरकत नाही, एवढी माणसं माझ्या वास्तुशांतीलाही नव्हती. चाचा स्टुलावर उभं राहून म्हणाले, "शटर खोल." शटर सरसर वर गेलं. टाळ्या पडल्या. अण्णांनी फेटा ठीक केला, चार पावलं पुढं आले, आणि दुकानातल्या ठेवणीतल्या आवाजात हुकूम सोडला.

"वाढवा!"

शटर जागचं हललं नाही.

आता आमच्या अण्णांच्या तोंडून दुकानाच्या बाबतीत ‘बंद’ हा शब्द निघणं म्हणजे आक्रीत. बंद पडतं ते बुडालेलं दुकान. चालतं दुकान संध्याकाळी वाढवायचं असतं. दुकान सुटलं तरी ही जीभ सुटली नव्हती. अण्णा घरातला पंखाही वाढवायला सांगतात, आणि पाहुणे आलेले असले की कुणीतरी उठून तो पाचावर नेऊन ठेवतं.

"अण्णा," बायको समजुतीनं म्हणाली, "तिला ‘बंद’ म्हणावं लागतं."

झालं. डबीनं तो शब्द झेलला आणि शटर खाली यायला निघालं.

"अगं, घराच्या तोंडावर बंद काय म्हणती! वाढवा म्हण, वाढवा!"

शटर अर्ध्यातून फिरलं आणि वर गेलं. त्या डबीला कुठल्याशा परगावी जे मराठी शिकवलं होतं, त्यात वाढणं म्हणजे वर जाणं.

"अगं, ‘बंद’ म्हणू नको म्हणतायत ते," मी मध्ये पडलो. शटर खाली.

"पुन्हा तेच! वाढवा म्हणतो ना!" शटर वर.

"हमारे में बी दुकान बढातेच बोलते," चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, "पन ये डब्बी को बंद बोलनाच पडता." शटर खाली.

असं किती वेळ चाललं ते मी सांगितलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल. एवढंच सांगतो, समोरचे काका मान वर-खाली करत बघत होते, त्यांना दुसऱ्या दिवशी मानेला पट्टा लागला.

शेवटी अण्णांचा पारा चढला. "सरका. माझं मीच वढतो." त्यांनी झोळी गळ्यातून काढून माझ्या अंगावर टाकली आणि दोन्ही हात शटरच्या कडेला घातले.

बायको गप्प झाली. ती गप्प झाली की समजायचं, प्रकरण आपल्या हातातलं राहिलेलं नाही. मोटर लागलेलं शटर आता हाताच्या जोरानं हलणार नव्हतं. अण्णा मात्र हलवल्याशिवाय राहणार नव्हते, आणि या दोघांच्या मध्ये तो अर्धा फाटलेला खांदा होता.

चाचा स्टुलावरून उतरले आणि सरळ अण्णांच्या समोर येऊन उभे राहिले.

"नक्को अण्णा. डब्बी बेअकल है, तुम नै. उसकू तुम्हारी बोली सिखाते. पाच मिनट."

"शिकल का ती?"

"तुम उस्ताद रहे तो कायकू नै शिकती?"

उस्ताद म्हटल्यावर अण्णांचे हात सैल पडले. चाचांनी डबीवरची एक बारीक कळ दाबून धरली, तिची आधीची सगळी विद्या पुसली, आणि अण्णांकडून ‘वाढवा’ तीनदा म्हणवून घेतलं. हा झाला खाली यायचा शब्द. आता वर जायला काय?

"उघड म्हणा ना," मी सुचवलं.

"उघड म्हणायला पातेलं हाय का?"

अण्णांनी डावा हात तोंडाशी नेला आणि बेंबीच्या देठापासून हाळी दिली, "हुर्रर्रर्रया! हो हो हो!"

सकाळी मेंढवाड्याचं काटेरी फाटक बाजूला सारून मेंढरं बाहेर काढताना माझे आजोबा हीच हाळी द्यायचे. मी ती लहानपणी एकदा-दोनदाच ऐकलेली. चाचांनी तीनदा नोंदवली आणि चौथ्यांदा अण्णांनी दिली, तेव्हा शटर असं वर गेलं की जणू त्याच्यामागं कुत्रं लागलंय. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. त्या रांगेनं आल्या आणि आमच्या गाडीभोवती उभ्या राहिल्या. मी अकरा म्हणतो, बायको तीन म्हणते. तिला मोजायची घाई फार.

त्या दिवसापासून अण्णांनी शटरला बोटही लावलं नाही. गरजही नव्हती. डबी दुसऱ्या कुणाचं ऐकेचना. मी ती हाळी न्हाणीघरात आठवडाभर घोटली. शटरनं दखल घेतली नाही, मात्र खाली दूधवाला दोन पिशव्या जास्त ठेवून गेला. कामावर निघताना मी अण्णांना हात जोडायचो. ते बांधलेला फेटा डाव्या हातानं डोक्यावर ठेवून, सावकाश खाली येऊन, मला बाहेर सोडायचे. गाडी काढायची नसली तरी दिवसातून सात-आठ वेळा शटर चालतंय का ते बघायचे. डोंगराच्या पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात हाळी नोंदवली होती, त्यामुळं तसूभरही खालच्या पट्टीत डबी हलायची नाही.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी अण्णांचा हात धरून हळूहळू वर नेला. खांदा, कान, मग थेट फेट्याच्या वर. बायकोनं डोळ्यांना पदर लावला. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "वा! मोटर बसवली ते फार बरं केलंत, आजोबा. आता काही दुखतं का?"

अण्णांच्या तोंडून नुसती हवा आल्यासारखा आवाज आला.

"खांदा नाय. घसा."