खड्याखालचा विंचू

अनुभव लिहिणारे बहुतेक जण आधी देवीचे आभार मानतात. मी आधी तिच्याशी भांडले होते, चांगलीच कडाडून भांडले होते, तेव्हा सुरुवात तिथूनच करते. माझी श्रद्धा नव्हती असं नाही. पण त्या पावसाळ्यात ती पार आंबून गेली होती. संध्याकाळी दिवा लावायला वातींचा डबा घ्यावा, तर डब्यामागे विंचू. तुझ्या देव्हाऱ्यात तुला एवढंही लक्ष ठेवता येत नाही का, असं मी तिला तोंडावर विचारत होते. ती काही बोलत नसे, आणि मला आणखी राग येई.

आमचं घर बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, वाडीत आहे. उन्हाळ्यात घराची जुनी कौलं उतरवून पत्रे घातले आणि ती कौलं मागच्या विहिरीपाशी रचून ठेवली. लागतील कधीतरी, म्हणून. ती कोणाला लागली तर विंचवांना लागली. तांबडे, बोटाच्या पेराएवढे विंचू मोरीत निघायचे, पायपुसण्याखाली निघायचे, गोधडीच्या घडीत निघायचे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण आमच्याकडच्या विंचवांनी ते आमच्याच घरात थाटलं होतं, तेही भाडं न देता.

ढीग हलवा, ढीग हलवा, असं सांगून माझी जीभ झिजली. हे कारखान्यातली पाळी संपवून यायचे, जेवायचे आणि "रविवारी बघू" म्हणून आडवे व्हायचे. त्या पावसाळ्यातले सगळे रविवार कुठे गेले कोण जाणे. सासूबाई म्हणायच्या, "पावसात विंचू निघायचाच. आमचा जन्म गेला हितं, कोनाला काय झालं नाय." शेजारच्या नलूताईंचं आणखी तिसरंच. त्यांच्या मते आमच्या घरात देवीचं काहीतरी करायचं राहून गेलं होतं, म्हणून विंचू निघत होते. म्हणजे कौलं आम्ही रचायची आणि बिल देवीच्या नावावर फाडायचं! मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. "शिकलेल्या बायांना देवाचं भय नाय," एवढं म्हणून त्या निघून गेल्या.

शेवटी मी मोबाइलवरून एक बॅटरी मागवली. निळसर उजेडाची. अंधारात तिचा झोत पडला की विंचू चमकतो, असं वाचलं होतं. घरात सगळे हसले. ती गौरी यायच्या आधी मिळायला हवी होती. आली नाही. मी फोन करकरून त्या लोकांना फैलावर घेतलं. प्रत्येक वेळी एक गोड आवाज "उद्या नक्की" म्हणायचा. माणसं ऐकत नाहीत, देवी ऐकत नाही आणि आता बॅटरीही येत नाही, अशा मनःस्थितीत मी गौरीच्या दिवसापर्यंत पोचले.

आमच्याकडे खड्यांची गौर असते. पाणवठ्यावर जाऊन गुळगुळीत खडे वेचायचे, ताम्हनात ठेवायचे आणि घरी आणायचे. आणणारीने तोंडात पाण्याची चूळ धरायची. उंबरा ओलांडून गौर पाटावर बसेपर्यंत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. पूर्वी ओहळावर जायचे, पण हल्ली त्या पाण्यात पाय घालवत नाही म्हणून सासूबाईंनी गौर विहिरीवर आणली. विहिरीपाशी, म्हणजे त्याच कौलांच्या ढिगापाशी. त्या वर्षी सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून मान पहिल्यांदा माझ्याकडे आला. त्यांनी मला बजावलं, "थेंब सांडायचा नाय हां. तोंड मिटून आलीस तं गौर सुखानं येते."

मी चूळ भरली. वाडीतल्या बायका घंटा वाजवत मागे उभ्या होत्या. चार खडे वेचले आणि पाचव्याला हात घातला, तो खड्याखालून बोटात इंगळ घुसला. हात झटकला तेव्हा विंचू कौलांत शिरताना मला दिसला, तांबडा, नांगी उभारलेला. ओरडायचं होतं. तोंडात पाणी होतं.

लोक मला आजही विचारतात, थुंकली का नाहीस? अहो, मागे घंटा वाजतेय, सासूबाई दारात आरती घेऊन उभ्या आहेत, नलूताईंचे डोळे माझ्या पाठीवर आहेत. पहिल्याच वर्षी हिच्या हातून मोडलं, हे मला आयुष्यभर ऐकून घ्यायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर देवीवर चिडलेली असूनही तिचं काम अर्धवट टाकवेना. मी ताम्हन घेऊन चालायला लागले. वेदना खांद्यापर्यंत चढली. अंगणापर्यंत पोचले तोवर घामाने पातळ भिजलं होतं, तोंडात पाण्यापेक्षा लाळच जास्त झाली होती आणि हात थरथरून ताम्हनातले खडे वाजत होते. दारात माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं, आणि तेवढ्यात नलूताई ओरडल्या, "अगं, अंगात आली! गौर हिच्या अंगात आली!"

पुढचं आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. माझ्या हातातून ताम्हन काढून घेतलं, मला पाटावर बसवलं, केस मोकळे सोडले, कपाळभर कुंकू फासलं. घरात कधी कोणाच्या अंगात आलं नव्हतं, त्यामुळे सासूबाई आनंदाने रडत होत्या. मला ओकारी आली आणि चूळ बाहेर पडली. सगळा जीव एकवटून मी म्हणाले, "विंचू!" तर कोणी म्हणालं, "आई विंचवाचा कोप सांगते." मी म्हणाले, "चावला." "कोनाला चावनार, आई? आमचं काय चुकलं?" मी जे बोलेन ते देवीचं, आणि देवीने स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलायचं नसतं! एकीने मुलाची नोकरी कायम कधी होईल ते विचारलं. दुसरीने मुलीच्या लग्नाचं विचारलं. नलूताईंनी माझा तोच हात, जिथे नांगी लागली होती, दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावला. माझे हात गार पडले होते, छातीत घोडा उधळला होता, मी मरत होते, आणि एवढ्या घरभर बायकांत मला काय होतंय हे विचारणारी एकही नव्हती. मी गौरीकडे पाहिलं. ती ताम्हनात खडे होऊन गप्प पडली होती. मी मनात म्हणाले, तुझ्यासाठी तोंड मिटलं, आता माझं तोंड कोण उघडणार?

त्याच वेळी स्वयंपाकघरात माझा मोबाइल वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. मग दारात एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, काखेत खोका. समोर हात जोडून बसलेली गर्दी पाहून तो जरा बिचकला असावा, पण त्यालाही दिवसभरात पुष्कळ घरं गाठायची होती. त्याने खोक्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. माझं नाव, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट.

मी म्हणाले, "मी."

"ताई, तुमच्या मोबाइलवर नंबर आला असंल. तेवढा सांगा," तो म्हणाला. कोणीतरी त्याला दटावलं, दिसत नाही का, देवी आलीय. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. खोका खाली ठेवला. बायकांमधून वाट काढत पुढे येऊन माझ्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने विचारलं, "ताई, तुमाला काय होतंय?"

तो प्रश्न ऐकून मला रडू फुटलं. "विंचू चावला. या हाताला."

तो उठून उभा राहिला. "विंचू चावलाय यांना. गाडीत घाला."

"देवीला असं मधून उठवायचं नाय," नलूताई म्हणाल्या.

"देवी हाय तं हाय," तो म्हणाला. "तिला दवाखान्यात यायला कोनी मना केलंय? उचला!"

सासूबाईंनी आरतीचं तबक तिथेच ठेवलं. त्या क्षणापासून मात्र त्या माझ्या सासूबाई होत्या. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या त्याच्या टेम्पोत चढल्या आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. चारी बाजूंना लोकांची पार्सलं, सणाची गर्दी, रस्ता तुंबलेला. तो माणूस हॉर्नवरचा हात काढत नव्हता आणि खिडकीतून ओरडत होता, "पेशंट हाय, पेशंट हाय!" मी आत गौरीशी भांडत होते, पण भांडायलाही दम लागतो, आणि तो संपत आला. शेवटी मी तिला म्हणाले, आता तुला काय करायचं ते कर, मला नाही जमत. शरण गेले, असं म्हणायला मला लाज वाटते. मी चिडून सोडून दिलं होतं. तरी एक खरं, त्यानंतर भीती गेली. पत्र्याच्या गाडीत पडलेली असूनही कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटत राहिलं. ते सासूबाईंचे हात असतील. मी वाद घालत नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी बोटाकडे बघितलं न बघितलं आणि आधी छाती तपासली. हा तांबडा विंचू हृदयावर जातो, दुखणं थांबलं म्हणून घरी बसलेले वाचत नाहीत, असं त्यांनी कारखान्यातून धावत आलेल्या ह्यांना झापून सांगितलं. गोळ्या दिल्या, देखरेखीखाली ठेवलं. त्याच दिवशी ह्यांनी माणसं लावून कौलांचा ढीग उचलला. रविवार नसूनही! त्या टेम्पोवाल्याला ह्यांनी फोन केला, तर तो एवढंच म्हणाला की पार्सल घरात राहिलंय, नंबर तेवढा कळवा, माझी नोंद अडकलीय. ती बॅटरी वेळेवर आली असती तर तो त्या दिवशी आमच्या दारात आला नसता. ज्या उशिराच्या नावाने मी रोज बोटं मोडली, तोच उशीर माझ्या कामी आला. याहून जास्त मला त्यातलं कळत नाही.

बरं वाटायला लागल्यावर नलूताई दवाखान्यात ओटीचं सामान घेऊन आल्या. देवीने विष पचवलं म्हणून माझ्या पाया पडायचं होतं त्यांना. मी पाय आखडून घेतले आणि म्हटलं, "पाया पडू नका. पुन्हा कोणी घामाघूम होऊन थरथरताना दिसली, तर आधी विचारा, बाई, तुला काय होतंय." नर्सबाई हसल्या. नलूताईंनी नारळ टेबलावर ठेवला आणि गेल्या.

त्या गेल्यावर सासूबाई माझ्या उशाशी बसल्या. बराच वेळ माझं सुजलेलं बोट चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "दारातच सांगायचं नाय का गं मला?"

माझा उरलासुरला राग उसळला. "कसं सांगणार? तोंडात पाणी होतं! तुम्हीच म्हणालात, थेंब सांडायचा नाही."

त्यांनी दाराकडे बघून घेतलं. आवाज अगदी खाली आणला. "अगं, मी तं दर वर्सी वाटेतच गिळायची. एवढा वेळ कोन धरून ठेवतं?"

"मग मला तसं का नाही सांगितलंत?"

"माझ्या सासूनं मला सांगितलं तसं मी तुला सांगितलं," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "तीबी गिळतच असंल."

मग मला हसू फुटलं, इतकं की सलाईनचा हात दुखायला लागला, आणि त्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आजही गौरीपुढे हात जोडताना माझं पहिलं वाक्य तक्रारीचंच असतं. पण तिने जीव वाचवला त्याचं ऋण त्या तक्रारीच्या तळाशी आहे, आणि शरण जायचं म्हणजे तोंड मिटायचं, ही समजूत आता राहिलेली नाही. इतकी वर्षं आमच्या घरी गौर रिकाम्या तोंडांनीच आणली गेली. ती दर वर्षी आली, जेवली, सुखाने परत गेली. तिने एकदाही कोणाचं तोंड उघडून पाहिलं नाही.