सहाशे लिंका आणि देवरामची पोच

"परिपत्रक दाखवा," खिडकीतले बाबू म्हणाले. "तोंडी सांगितलेलं चालत नाही, मेश्रामभाऊ."

गेली सव्वीस वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे. त्या शुक्रवारी पहिल्यांदाच ते मला गोड वाटलं. मी खिशातून मोबाईल काढला.

मी अर्जनवीस आहे. पवनीत कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतो. आधी टाइपरायटरवर लिहायचो, आता लॅपटॉपवर. आमच्या धंद्यात अक्षरापेक्षा आधार महत्त्वाचा असतो. अमुक परिपत्रकानुसार हे करता येतं, एवढं दाखवलं की बाबूचा पेन चालतो. नाही दाखवलं की बाबूचं जेवण चालतं.

माझ्या मागे मारोतराव उभे होते आणि त्यांच्या मागे त्यांची मुलगी सुषमा. यांचं गाव गोसीखुर्द धरणात गेलं. अशा कुटुंबातल्या एकाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळतो आणि त्या दाखल्यावर सरकारी भरतीत राखीव जागा असते. यांचा दाखला सुषमाच्या भावाच्या नावावर होता. भाऊ पुण्यात कंपनीत रमला होता, त्याला दाखला नको होता, आणि बहिणीच्या नावावर करायला त्याची लेखी संमती होती. अर्ज मीच दोन महिन्यांपूर्वी कचेरीच्या छापील नमुन्यात भरून दिला होता; त्या नमुन्यात संदर्भाची ओळ नसते. चौकशी झाली, जबाब झाले. फाइल सहीला जायची तेवढ्यात नवीन आलेल्या या बाबूंनी शेरा मारला, की एकदा लागलेलं नाव बदलता येत नाही.

सुषमा परीक्षा पास झाली होती. सोमवारी सकाळी नागपूरला तिची कागदपत्रं तपासणार होते. वयाच्या अटीत बसणारी तिची ही शेवटची भरती होती. मधले शनिवार-रविवार कचेरी बंद, आणि सही करणारे साहेब चार वाजता निघणार होते. आता अकरा वाजले होते.

"नाव बदलता येतं, तसं परिपत्रक आहे," मी म्हणालो. "एका मिनिटात दाखवतो."

ही एका मिनिटाची ऐट कुठून आली, ते सांगायला पाहिजे. पूर्वी मला सापडलेली परिपत्रकं मोबाईलमध्ये कुठेही पडलेली असायची. थोडी ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या पानावर खूण करून ठेवतात तिथे. थोडी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेली. बाकीचे स्क्रीनशॉट साळ्याच्या लग्नाच्या फोटोंमध्ये. मग एका व्हिडिओत मी नोट्सचं ॲप पाहिलं. पान उघडायचं, शेअरचं बटण दाबायचं, ॲप निवडायचं. लिंक नोट होऊन जमा होते. वर टॅग लावायचा, म्हणजे विषयाची चिठ्ठी चिकटवायची.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. पण मी कचेरीच्या सावलीत वाढलेला. मी प्रत्येक लिंकला आवक क्रमांक दिला. आवक दिनांक टाकला. विषय टाकला. उन्हाळाभर दुपारी बसून सहाशे लिंका चढवल्या. नोंदी इतक्या सुंदर झाल्या की कागदाच्या जुन्या फायली मी रद्दीत दिल्या. बायको म्हणाली, "एवढी घाई काहून करून राहिले?" मी तिला डिजिटल युगाबद्दल दहा मिनिटं सांगितलं.

तर खिडकीशी मी टॅग दाबला, प्रकल्पग्रस्त. खाली विषय आला, दाखला हस्तांतरण. आवक क्रमांक चारशे अठरा. वीस सेकंदही लागले नाहीत. मागच्या रांगेतले दोघं माना लांब करून बघायला लागले. बाबूंनी चष्मा वर केला.

"अरे वा. हे भारी हाये, भाऊ."

मी लिंक दाबली. पान फिरलं, फिरलं आणि उघडलं. पांढऱ्यावर एक ओळ होती. आपण शोधत असलेले पान उपलब्ध नाही.

नेटवर्क असेल म्हणून मी बाहेर आलो. बाहेरही तेच. चारशे सतरा उघडून पाहिलं, मग चारशे वीस. एकशे पाच. काही ठिकाणी तीच ओळ, काही ठिकाणी नव्या वेबसाइटचं पहिलं पान, त्यावर फुलांच्या माळा. मग माझ्या लक्षात आलं. वेबसाइट नवीन बांधली होती आणि जुने सगळे पत्ते मेले होते. लिंक म्हणजे फक्त पत्ता असतो, आतला मजकूर नाही, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि सहाशे वेळा विसरणं, दोन्ही मला जमलं होतं.

"काय म्हणून राहिला मोबाईल?" मारोतरावांनी विचारलं.

"पत्ता बरोबर आहे, काकाजी. पण तिथं आता काही नाही."

"आमच्या गावाचं असंच झालं होतं जी," ते म्हणाले. "गाव पाण्यात गेलं, तरी राशन कार्डावर जुनाच पत्ता. पोस्टमन मले इचारे, चिठ्ठी कोठी टाकू?"

टोमणा नव्हता तो. माझं दुःख हलकं करायला बिचारा बोलला. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

नव्या वेबसाइटवर शोधायची सोय होती. ती दोनच गोष्टी विचारत होती, परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांक. मी माझी नोट पाहिली. आवक क्रमांक माझा होता. दिनांकही माझाच, मी लिंक जमा केली त्या दिवसाचा. परिपत्रकाचा स्वतःचा क्रमांक कुठेच नव्हता. ज्या माणसानं स्वतःच्या शब्दांतला एकही अर्ज संदर्भाच्या ओळीशिवाय लिहिला नाही, त्यानं सहाशे नोंदींत संदर्भ लिहिला नव्हता. विषय टाकून शोधलं, तर साडेतीन हजार निकाल आले. पहिला झाडं लावण्याबाबत होता.

"काका," सुषमा म्हणाली, "तुम्ही असाच अर्ज आणखी कोणाले लिहून देला होता का?"

आणि मला देवराम आठवला. आसगावचा. त्याची जमीन कालव्यात गेली होती, आणि दाखला त्याने थोरल्याच्या नावावरून धाकट्याच्या नावावर करून घेतला होता. अर्ज माझाच, छापील नमुना येण्याआधी टाइपरायटरवर लिहिलेला, त्यात हेच परिपत्रक, संदर्भाच्या ओळीत क्रमांक-दिनांकासकट. माझ्याकडची प्रत रद्दीत गेली होती. पण देवरामकडे पोच असणार, म्हणजे कचेरीचा शिक्का मारून परत दिलेली अर्जाची प्रत.

मी फोन लावला. देवराम धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात होता.

"पोच? हाये ना जी. तुमीच म्हणले होते, पोच जीवापाड जपजो म्हणून."

"कुठे आहे?"

"घरी, पेटीत. मी चिखलात हावो. पाय धुतो न जातो."

पाय धुवून घरी जायला त्याला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मारोतरावांनी मला चहा पाजला. त्यांनीच मला पाजला, हे लिहिताना आजही लाज वाटते. मग फोन आला. देवरामनं एक एक आकडा वाचला, मी लिहिला, सुषमानं माझ्या खांद्यावरून बघून स्वतःच्या वहीत लिहिला. दोनदा वाचून घेतला. वेबसाइटवर टाकला, आणि परिपत्रक आलं. चार पानं. तिसऱ्या पानावर आमचं वाक्य.

प्रिंट घेऊन खिडकीशी गेलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. अडीचला बाबू आले. त्यांनी तिसरं पान दोनदा वाचलं, शेरा खोडला आणि फाइल आत नेली. पावणेचारला सही झाली. सुषमानं दाखला हातात घेतला, नाव वाचलं, आणि रडायला लागली. मारोतराव दुसरीकडे पाहत राहिले. मी उगाच प्रिंटला स्टेपल मारत बसलो.

"मेश्रामभाऊ," बाबू खिडकीतून म्हणाले, "याची लिंक पाठवून ठेवा ना मले. सेव्ह करून ठेवतो."

मी पाठवली. त्यांनी अंगठा पाठवला.

सोमवारी दुपारी सुषमाचा फोन आला. नागपूरच्या टेबलावरच्या मॅडमनंही तेच विचारलं होतं, एकदा लागलेलं नाव बदलतं का? परिपत्रक आहे का? सुषमानं प्रिंट काढायला पिशवीत हात घातला आणि हात पिशवीत असतानाच क्रमांक आणि दिनांक तोंडपाठ सांगितला. मॅडमनं तो आपल्या कॉम्प्युटरवर टाकला, परिपत्रक वाचलं आणि बरोबरची खूण केली.

"वहीत लिहिला तवाच पाठ केला होता, काका," ती म्हणाली. "म्हटलं, बाई, आपल्याजवळ असू द्यावा."

आता मी नोटच्या पहिल्या ओळीत परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांक हाताने टाइप करतो, दुसऱ्या ओळीत कामाचं वाक्य, आणि पीडीएफ उतरवून ठेवतो. लिंक सगळ्यात खाली. एका नोंदीला पाच मिनिटं लागतात, म्हणून कामाची तेवढीच परिपत्रकं ठेवतो. सहाशेतून एकोणचाळीस निघाली. बाकीच्यांची आजवर कोणालाही गरज पडली नाही, मलाही नाही.