झीलकऱ्यांनी धरलेलं नाव

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. ठाण्यात नवी टेबलं आली होती, पाऊस तेवढा आला नव्हता. नांदेडच्या हद्दीलगतच्या एका गावात, विहिरीवर पाणी शेंदलं म्हणून बौद्ध वस्तीतल्या एका शेतमजुराचं डोकं फोडलं होतं. तो नांदेडच्या दवाखान्यात बेशुद्ध होता. गावाची मात्र दातखीळ बसलेली. साक्षीदार मिळत नव्हता, फाईल बंदच व्हायची होती.

मग पोलीस पाटील खबर घेऊन आले. "सायेब, वस्तीत जलसा चालू हाय. गाणं लई वंगाळ हाय. बंद करा, न्हाई तर गाव पेटंल."

पेटवणारं गाणं असतं तरी कसं, म्हणून साध्या कपड्यांत ऐकायला गेलो. गाण्यात एक शिवी नव्हती. शाहीर विचारायचा, पेरणीला तिफण कुणी धरली? मागचे झीलकरी त्या जखमी माणसाचं नाव घ्यायचे. सर्जाचा खूर सडला, कुणी धुतला? पुन्हा तेच नाव. गाण्याचा रोख त्या बैलाच्या मालकावर होता; सर्जा कुणाचा, एवढंच मला शोधायचं होतं.

सर्जाचा मालक जनावरांच्या छावणीत सापडला. ठाण्यात आणला, तर एकच पालुपद, "मला काय म्हाईत न्हाई." मी बैलांचा विषय काढला. गडी खुलला. सर्जाला ओला चारा सोसत नाही, राजा अनोळखी माणसाला शिंग मारतो, सगळं सांगितलं.

"आणि तो मजूर? किती वर्षं होता तुझ्याकडे?"

"धा-बारा."

"नाव काय त्याचं?"

तो गोंधळला. "आमी नुसतं 'ए' म्हणतो, सायेब."

"त्याच्यावर राग होता?"

"राग कशाचा? त्यो काय आपल्यातला हाय?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत रागाने मारणारे खूप पाहिले होते. हे थंडपण ऐकून मला भीतीच वाटली.

पाटलांच्या तक्रारीवरून जलसेवाल्यांचे जबाब घ्यायचेच होते. ठाण्याच्या अंगणात त्यांना म्हटलं, तेच गाणं म्हणा. सर्जाचा मालक आत माझ्यासमोर बसलेला. सर्जाचा प्रश्न आला, झीलकऱ्यांनी नाव घेतलं. त्याची मान खाली गेली.

"त्यानंच धुतला व्हता खूर, सायेब. सर्जा दुसऱ्याला हात लावू देत नव्हता. काठी माझीच व्हती."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून त्याने दाखवलेल्या कडब्याच्या गंजीतून, पंचांसमक्ष, रक्ताचे डाग असलेली काठी जप्त केली. जखमी शुद्धीवर आला आणि त्यानेही मालकालाच ओळखलं. गाणं मी बंद केलं नाही.

माणसावर हात उचलताना माणूस बिचकतो. आधी त्याला माणसांतून वजा करतो, मग काठी हलकी होते. ही वजाबाकी उलटी फिरवायला त्या जलशाला एक डफ आणि एक नाव पुरलं. या आठवणींत कुणाचंच नाव द्यायचं नाही, असा माझा नियम आहे. इथे तो मोडतो.

त्या माणसाचं नाव केरबा.