रोहण्याच्या तलावावर साठ फूट

पुण्यातल्या एका दुकानदाराने मला फसवले. मासेमारीचा सहा नंबरचा दोर त्याने आठ नंबरचा म्हणून माझ्या हातात दिला. महिनाभराने मी फेक लांब जात नाही अशी तक्रार घेऊन गेलो, तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काका, दोर उत्तम आहे. लांब फेकणं तुमच्या हातात नाही. काहींच्या नसतंच." पहिली गोष्ट लबाडी, धंद्यात तशी मी पुष्कळ पाहिली. दुसरी मला झोंबली. मी भंगाराच्या हातगाडीपासून चिंचवडच्या गोदामापर्यंत आलो तो याच हातांनी.

हा नाद मला पन्नाशीनंतर लागला. या मासेमारीत गळाला शिसे नसते. पिसे आणि केस बांधून केलेले आमिष असते, त्याला 'माशी' म्हणतात. तिला वजन असे नाहीच. हवेत मागेपुढे झुलवून फेकायचा तो दोर, माशी नुसती त्याच्यामागे जाते. म्हणून काठी जितक्या नंबरची, तितक्याच वजनाचा दोर लागतो. माझ्या काठीवर आठ होते, दोराच्या खोक्यावरही आठ. तरी माझा दोर चाळीस फुटांवर शेवया सांडाव्यात तसा पडायचा. तेव्हा मला दोराच्या नंबरचा संशय आला नव्हता. खोट हातातच असेल, तर काठी एकदाची विकून टाकायची, पण शेवटचे एकदा फेकून बघायचे, असे ठरवून फेब्रुवारीत मी वर्ध्याकडची गाडी पकडली.

तिकडे आर्वी तालुक्यात रोहण्याला सुधाकरराव राहतात. जुन्या मोटारी आणि पंप गोळा करून ते मला पाठवतात. तीस वर्षांची ओळख आहे. त्यांच्या शेताला लागून तलाव आहे आणि तलावात मरळ. काठापासून पाणवेलीचा रुंद पट्टा, आणि मरळ बसते त्या पट्ट्याच्या पलीकडच्या कडेला. अंतर साठ फूट. साठ फूट जमले तर हात शाबूत, इतका साधा हिशेब होता.

पहाटे पुलगावला उतरलो. स्टेशनाबाहेर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) खाल्ले आणि नाक पुसत आर्वीच्या एसटीत बसलो. काठीची लांब नळी बघून कंडक्टर तिला सामानाचे तिकीट लावायला निघाला. विरूळ येईपर्यंत आम्ही भांडलो. विरूळनंतर तो माझ्याच शेजारी बसला आणि काठी उघडून दाखवा म्हणाला. खिडकीतून बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचे रूळ मधूनच बाभळीत शिरताना दिसत होते, आणि मी सवयीने मनात त्यांचे वजन करत होतो. माणसाला असल्या सवयी असतात आणि नको तिथे त्या झोपा काढतात.

सुधाकरराव फाट्यावर उभे होते. चहा झाला तसे आम्ही थेट तलावावर गेलो. हरभरा घाट्यांनी लगडला होता. बांधावरच्या आंब्यावर वांदरांची (वानरांची) टोळी डोळा ठेवून होती, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून सुधाकररावांच्या पत्नी कमलावहिनी गोफण घेऊन बसल्या होत्या. चाळीस-पन्नास पावलांवरच्या ठरवलेल्या फांदीला त्यांचा गोटा लागत होता. वांदराला लागू द्यायचा नाही, फांदीला लावायचा, हे त्यांचे शास्त्र.

मी काठावर उभा राहून दोर मागे टाकला आणि जोर लावून पुढे मारला. चाबकासारखा फाटकन आवाज झाला. माशी तुटून गेली. दुसरी बांधली, तीही गेली. तिसऱ्या आवाजाला वांदरांची टोळी आंब्यावरून उतरून पलीकडच्या शिवारात पळाली.

"असाच फटफट वाजवत राहा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "वांदरं पयाले पाहा. माहा हरभरा वाचला."

सुधाकरराव खाली बसून हसले. मी तापलो. हसणाऱ्यावर ओरडणे सोपे असते, मी ते केले. वहिनी माझ्या ओरडण्याकडे लक्ष न देता माझ्या हाताकडे बघत होत्या.

"तुमचा दोर मांगं पोचतच नाई, अन् तुमी त्याले पुढं ओढून राह्यले," त्या म्हणाल्या. "काऊन एवढी घाई? गोटा मांगं ओढते तवा हाताले समजते. मंग सोडाचा."

पुस्तकात मी हेच वाचले होते: दोर मागे सरळ होऊ द्या, त्याने काठीचे टोक ओढले की मग पुढे आणा, आणि हात एकदम थांबवा. वाचणे वेगळे आणि एका बाईने गोफण फिरवून दाखवणे वेगळे. मी मान मागे वळवून दोर उलगडताना बघू लागलो. थांबायचे. चाळीस वर्षांच्या धंद्यात मी कुणासाठी थांबलेलो नाही, दोरासाठी थांबलो. फटफट बंद झाली. माशी पन्नास फुटांवर गेली आणि पट्ट्यातच वेलीत अडकली. त्यापुढे जाईना. काठी वाकतच नव्हती.

दुपारी गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे (कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी जेवलो. वहिनींनी तुपासाठी रोडगा मुठीत फोडून दिला. जेवण झाल्यावर त्यांनी काठी मागितली, दोन-तीनदा हलवून बघितली आणि परत दिली.

"गोफनीत बोराएवढा गोटा टाकला तं तो ओढन कसा? हात बरा हाय तुमचा. गोटाच हलका हाय."

मी ताडकन उठलो. भंगारवाला मी, लोखंडाचा खिळाही न तोलता घेत नाही. आणि हा दोर मी खोक्यावर वाचून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी आर्वीला गेलो. आठ नंबरच्या दोराचे पहिले तीस फूट साधारण साडेतेरा ग्रॅम भरायला हवेत, हे फोनवर शोधून ठेवले होते. सोनाराच्या ओट्यावर टेप लावून तीस फूट मोजले आणि त्यांचे वेटोळे काट्यावर ठेवले. सोनाराने आधी दाराकडे बघितले, मग माझ्याकडे. पंचवीस वर्षांत लोकांनी काय काय तोलायला आणले ते तो सांगत बसला, मी आकड्याकडे बघत होतो. दहा ग्रॅम आणि थोडे वर. म्हणजे सहा नंबर.

संध्याकाळी पुन्हा तलावावर. माल हलका असेल तर जास्त घालावा लागतो, ही आमच्या धंद्याची अक्कल. नेहमीपेक्षा पंधरा फूट जास्त दोर हवेत धरला. तो मागे उलगडायला आणखी वेळ लागतो, तितका थांबलो. काठीने हात ओढला. पुढे आणताना डाव्या हाताने दोराला खाली हिसका दिला आणि काठीचा हात एकदम थांबवला. दोर सरसरत गेला. माशी पट्ट्याच्या पलीकडे उघड्या पाण्यावर टेकली. पाणी फुगले, मरळेने ती घेतली, वेलीत शिरली आणि तोडून गेली.

सुधाकररावांचा चेहरा पडला, त्यांनी कालवणासाठी मसाला वाटून ठेवायला सांगितला होता. त्या मसाल्यात रात्री पाटोडी (बेसनाच्या वड्या) शिजली. मी चार वाढून घेतल्या. निघताना वहिनींनी हरभऱ्याची डहाळी बांधून दिली. पुढच्या वेळी वांदरं जास्त असतील, लवकर येजो, एवढेच म्हणाल्या.

घरी येऊन आधी कपाटातले खोके काढले. आठचा आकडा वरून चिकटवलेल्या कागदावर होता. नखाने सोलला. खाली सहा.

घाई माझी होती, ती मी तलावाच्या काठावर दोघांसमोर कबूल केली. एका शेतकरीण बाईने माझे ऐकून न घेता माझा हात बघितला आणि खरे सांगितले. त्याचे मला आयुष्यभर बरे वाटेल. पण तुम्ही, दुकानदार? मला दोर बदलून नको. तो चिकटवलेला आकडा कुणाच्या हातचा, ते सांगा. आणि ज्यांनी दोर तोलला नाही, त्यांनी माझा हात कोणत्या काट्यावर तोलला, तेही सांगा. शनिवारी सकाळी, गिऱ्हाइकांची गर्दी असते त्या वेळी, मी खोके घेऊन येतो आहे. उत्तर मोठ्याने द्या.