नातवासाठी शिकलेलं जर्मन

बासष्टाव्या वर्षी मी जर्मन शिकायला घेतलं. मुलगा तिकडे नोकरीला, सून तिथलीच, आणि चार वर्षांच्या नातवाला जर्मनशिवाय दुसरं काही कळत नाही. व्हिडिओवर तो माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे, आणि मुलगा मधे दुभाषा. या दुभाष्याला कायम मीटिंगची घाई. मला नातवाशी माझ्या तोंडाने बोलायचं होतं, बस, एवढंच.

आधी इथे हैदराबादेत, विद्यानगरच्या एका क्लासमध्ये नाव घातलं. सगळी पोरं विशीतली, परीक्षा देऊन व्हिसा मिळवायच्या मागे. जामबागच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली मी शेवटच्या बाकावर. तीन महिन्यांत मला अर्ज भरता येऊ लागला, भाड्याने घर मागता येऊ लागलं. चार वर्षांच्या पोराकडे मी भाड्याचं घर मागणार होते की काय? क्लास सोडला.

मग फोनवरचं ॲप. रोज टाळ्या, रोज तारे, एक दिवस चुकला की त्याचा रुसवा. मी वर्गात कुणाला फुकटची शाबासकी दिली नाही, आणि आता स्वतः ताऱ्यांसाठी बोटं झिजवत होते. वाचलेलं समजायचं, पण बोलायची वेळ आली की दातखीळ बसायची.

शेवटी वडिलांची पद्धत काढली. निजामाच्या काळात नांदेडला त्यांनी कचेरीची उर्दू वही करून, घोकून घोकून कमावली होती. मीही वही केली. वाक्यं चोख पाठ झाली, पण समोरचा माणूस वहीतलं उत्तर देत नाही, हे वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं.

खरं तर मला भाषा शिकायची पद्धत ठाऊक होती. लग्न होऊन बरकतपुऱ्यात आले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला तेलुगू शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, मी वाट्टेल तसं बोलायची, त्या पोट धरून हसायच्या आणि पुन्हा बोलायला लावायच्या. आपलं चुकीचं बोलणं ज्याला हवंसं वाटतं, असं एक माणूस लागतं. बाकी सगळ्या पद्धती पोटापुरत्या.

गेल्या डिसेंबरात नातू आला आणि तसं माणूस मला मिळालं. गच्चीवरच्या मांजरीने दूध कसं पळवलं, ते मी त्याला मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगायला लागले. तो खिदळायचा, माझी चूक सुधारायचा, पुन्हा सांग म्हणायचा. दोन दिवस तो माझ्या मांडीवरून उतरला नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगा स्वयंपाकघरात आला. ‘‘आई, प्लीज, त्याच्याशी जर्मन नको ना बोलू. चुकीचं कानावर पडतंय, त्याची भाषा बिघडेल.’’

मी पोळी लाटत होते, लाटतच राहिले. हे वाक्य माझंच होतं.

हाच मुलगा चार वर्षांचा असताना इंग्रजी शाळेच्या मुलाखतीत बाईंना ‘नक्को’ म्हणाला होता. मी शरमेने मेले. घरी येऊन याच ओट्यापाशी सासूबाईंना सांगितलं, तुमचं हे हैदराबादी मराठी पोराच्या कानावर नको, त्याची भाषा बिघडते. इंग्रजी येत नसेल तर बोलू नका त्याच्याशी. शिक्षिका ना मी, मला सगळं कळत होतं.

‘‘नक्को म्हणतीस तर नक्को बोलत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नुस्ती बसते मी पोरापाशी.’’

आणि खरंच नुसत्या बसायच्या. त्यानंतर नऊ वर्षं जगल्या, पण नातवाला एकही गोष्ट सांगितली नाही. मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची की आमच्या सासूबाईंना लहान मुलांचा लळाच नाही. आता मुलाला मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?

दुपारी जेवताना नातवाने मला विचारलं, मांजर पुन्हा आली का? मला प्रश्न शब्दन् शब्द समजला. उत्तरही येत होतं. मुलगा समोर बसला होता. मी नातवाच्या पोळीवर तूप वाढलं आणि नुसती हसले.