विसाला वीस

उरणच्या मच्छीमार सोसायटीतला काटा मी सरळ केला, आणि हे सांगताना मला आजही लाजबिज वाटत नाही. नव्वदीतली गोष्ट. पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात आम्ही छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बनवायचो. बायकांनी सोल्डरिंग करायचं, पुरुषांनी सर्किट काढायचं, असा तिथला अलिखित कायदा. मी डिप्लोमा झालेली, तरी दोन वर्षं सोल्डरिंगच. शेवटी भांडून भांडून साहेबांकडून एक काम मिळवलं, मासळी तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा. "जमलं तर पुढची सर्किटं तुझी," ते म्हणाले, "नाहीतर गुमान सोल्डरिंगला बसायचं."

काटा तसा सोपा. ताटाखालचा सेन्सर वजनाप्रमाणे अगदी बारीक व्होल्टेज देतो, अ‍ॅम्प्लिफायर ते काहीशे पट वाढवतो आणि मायक्रोकंट्रोलर त्याचे किलो करून दाखवतो. नेमकं किती पट, ते मी त्यातल्या रेझिस्टरवर छापलेल्या रोधावरून काढलं आणि तो आकडा प्रोग्रॅममध्ये टाकला. रिकाम्या काट्यावर शून्य आलं. शेजारच्या वाण्याकडून एक किलोचं वजन आणून ठेवलं, तर १.० आलं. मी खूश, काटा उरणला रवाना.

तिसऱ्याच दिवशी बोलावणं आलं. साहेब आणि मी एसटीने गेलो. मासळी विकणारी एक वयस्कर मावशी काट्यापाशी टोपली घेऊन उभीच होती.

"पोरी, यो काटा खोटा हाय," ती म्हणाली. "टोपली मी डोक्यावरून आनलीय. चालीसच्या वर हाय, आन् यो एकोनचालीस दाखवतो."

मला असा राग आला! माझं यंत्र खोटं आणि हिचं डोकं खरं? "मावशी, यंत्राला कुणाची बाजू घ्यायची नसते," मी फणकाऱ्याने म्हटलं.

तिने वाद घातला नाही. सोसायटीच्या जुन्या तराजूची वीस-वीस किलोची, शिक्का मारलेली लोखंडी वजनं ओढत आणली. एक ठेवलं, १९.४. दुसरं ठेवलं, ३८.८. तिसरं, ५८.२. साहेबांनी कपाळाला हात लावला. मला तर रडूच यायला लागलं होतं. गेली सर्किटं, आता जन्मभर सोल्डरिंग.

पण ते आकडे मला सोडेनात. दर विसामागे सहाशे ग्रॅम कमी, प्रत्येक वेळी तेवढेच. शून्याला शून्य बरोबर. म्हणजे काटा भरकटत नव्हता, अ‍ॅम्प्लिफायरच तीन टक्के कमी वाढवत होता. रेझिस्टर साधे, स्वस्तातले. त्यांचा खरा रोध छापल्याइतका नव्हता आणि मी छापील आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. वाण्याच्या एका किलोत ही चूक फक्त तीस ग्रॅमची, आणि आमचा काटा शंभर ग्रॅमच्या खालचं दाखवतच नव्हता. सापडणार कशी, डोंबल?

साहेब म्हणाले, "भारीतले रेझिस्टर मागवू. पंधरा दिवस लागतील."

"काही मागवायचं नाही," मी म्हटलं. "चूक कायम एवढीच आहे ना, मग प्रोग्रॅमलाच सांगते. ५८.२ आले की साठ समज."

चिप काढून पनवेलला आणली, तिच्यातला प्रोग्रॅम पुसला, छापील आकडा काढून वजनांवरून निघालेला आकडा भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उरण. मावशीने स्वतः वजनं चढवली. वीस. चाळीस. साठ. मग तिने आपली टोपली ठेवली, आकडा बघितला आणि मान डोलावली. "आता कसा वलनावर आला," ती म्हणाली. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

परतीच्या एसटीत साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गाळ्यात पन्नास बोर्डं सोल्डरिंगला पडलीत. तेवढी उरकून टाक, मग बघू."

"ती दुसऱ्या कुणाला तरी द्या," मी म्हटलं. "पुढच्या सर्किटचा कागद कुठाय?"

 पायाशी ठेवलेली बॅग उघडून त्यांनी कागद माझ्या हातात दिला.