दोन दारांमधली बारकी

आमच्या घराण्याचं नाक एकदा बघितलंत की कुठेही ओळखाल. सरळ खाली येतं आणि शेंड्याला एकदम वर उडतं, जणू खालचा वास आवडला नाही. वडिलांचं तसंच होतं, माझं तसंच आहे, आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, बारकीचं, आम्हा दोघांच्या वर. या नाकाचं पुढे काम पडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

मी शटर दुरुस्त करतो. सकाळी ज्या दुकानाचं शटर एका बोटाने वर जातं, ते माझ्या हातचं समजा. शाळा मला मानवली नाही, पण स्प्रिंग, पट्टी, बिजागरी, कुलूप, यातलं काहीही विचारा. आजवर एक दार माझ्यापुढे टिकलेलं नाही. म्हणजे एक सोडून. हे त्या एका दाराचं आणि बारकीचं सांगतोय.

बारकीला लहानपणापासून घरात बसणं माहीत नाही. जेवायची तीसुद्धा उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. आई ओरडायची, "अगं, आत तरी ये नाहीतर बाहेर तरी जा!" बारकी म्हणायची, "मी दोन्हीकडे आहे." अशा पोरीला नवरा कसला मिळावा? तर कामाला जाताना बाहेरून कडी घालून जाणारा. भांडण नाही, मार नाही, नुसती कडी. संध्याकाळी यायचा, काढायचा. हिने आमच्यापाशी चकार शब्द काढला नाही. एकदा मी त्या बाजूला कामाला गेलो होतो, म्हटलं बहिणीकडे चहा घेऊ. बघतो तर दाराला बाहेरून कडी, कडीला कुलूप, आणि आतून आवाज, "दादा, तू आहेस का रे? तुझी खोकण्याची पद्धत वाटली."

दुसरा कोणी असता तर कुलूप तोडलं असतं. मी दारच काढलं. दोन्ही फळ्यांच्या चारही बिजागऱ्या खोलल्या आणि दार चौकटीतून उचलून समोर रस्त्यावर उभं केलं, कुलपासकट. नवरा आल्यावर म्हटलं, "घ्या भावजी, आता घाला कडी." त्या गल्लीत अजून माझं नाव निघतं.

बारकीला घरी आणलं. घर म्हणजे पुढची खोली आणि मागे स्वयंपाकघर. पुढे मी, बायको आणि मुलं. बारकी स्वयंपाकघरात, सिलिंडर आणि मांडणी यांच्या मधल्या पट्टीत. त्यात एक गोम अशी की आमची घडीची खाट उघडली की स्वयंपाकघराचं दार उघडत नाही. दार लावल्याशिवाय खाट नाही, खाट मिटल्याशिवाय दार नाही. म्हणजे आम्ही आडवे झालो की बारकी बंद. ती कधी काही बोलली नाही. सकाळी खाट मिटल्याचा आवाज आला की त्याच क्षणाला दार उघडायचं, इतकंच. दाराला टेकूनच बसलेली असणार.

मग गावाबाहेरच्या मोठ्या बंदिस्त हॉलमध्ये एका गाणाऱ्या स्टारचे कार्यक्रम लागले. एक नाही, ओळीने, रोज संध्याकाळी. भिंतीभिंतीवर तिचा चेहरा. माझी मुलगी तिची गाणी झोपेत म्हणायची. हॉलवाल्यांनी जास्तीची माणसं घेतली, त्यात बारकीला दारावर घेतलं. पहिल्याच दिवशी तिथल्या सुपरवायझर मॅडमनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "हे सगळे कार्यक्रम होईपर्यंत ज्याच्या दाराबद्दल एकही तक्रार येणार नाही, त्याला पर्मनंट करू. स्टाफ क्वार्टरमध्ये एक खोलीही रिकामी आहे."

बारकी घरी आली ती चपला काढायच्या आधी बोलायला लागली.

"दादा, खोली वरच्या मजल्यावर आहे. मी खालून बघून आले. खिडकीला गज नाहीत!"

मी म्हटलं, "भावाचं घर असताना बहीण खोली घेऊन राहणार? लोक विचारतील, भाऊ मेला का?"

"लोकांना सांग, जिवंत आहे पण घोरतो."

बायको पदर तोंडाला लावून हसली. मी नाही हसलो. पण बारकीच्या तोंडावर जे होतं ते मी ती उंबऱ्यावर जेवायची तेव्हापासून बघितलं नव्हतं. म्हटलं, बघू.

आता चार लोकांत मी काय गप्प बसणार? कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे सांगून टाकलं, "स्टारच्या दारावर आमची बारकी असते. ती हो म्हणाल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही." चहावाला म्हणजे तिरकं बोलायला जन्माला आलेला. म्हणाला, "मग शेठ, दिसते कशी जवळून? विचारा की बहिणीला."

विचारलं. बारकी कपडे घड्या करत होती.

"दिसते कशी गं?"

"कोण?"

"कोण काय! स्टार!"

"मी कुठे बघितलीय?"

"एवढे दिवस जातेस की!"

"दादा, मी दोन दारांच्या मधे असते."

मग तिने सांगितलं. बाहेरच्या पॅसेजमधून एक दार. ते उघडलं की माणूस जेमतेम वळेल एवढी खोली, खोली कसली, कपाटच. भिंतींना काळा गालिचा, वर एक मिणमिणता दिवा, एक स्टूल. समोर दुसरं दार, त्याच्या पलीकडे कार्यक्रम. आतला आवाज बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून ही सोय. एक दार नीट बसल्याशिवाय दुसरं उघडतच नाही. कुठलंही अर्धवट राहिलं की कंट्रोल रूममध्ये लाल दिवा. मधेच कोणी बाहेर जातं, परत येतं, त्याच्या मनगटावरची पट्टी बघायची, एक दार लावायचं, दुसरं उघडायचं. उघडल्यावर समोर उभ्या माणसांच्या पाठी. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि बदलीला कोणी येत नाही.

"आणि तू तिथे बसतेस? तू?" मी म्हटलं.

"खोलीची खिडकी डोळ्यांसमोर आणते," बारकी म्हणाली आणि घडी नीट केली.

माझी बहीण, आणि कपाटात! वर सगळं गाव नाचून आलं, आणि जिच्या दारातून नाचायला गेलं तिने त्या गाणारीचा केससुद्धा बघितला नाही. शेवटच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि हॉलवर गेलो. तिथल्या कँटीनचं शटर माझ्याच हातचं आहे. वॉचमनने सलामच ठोकला, "शटर अडकलं का हो परत?" मी म्हटलं, "माझं शटर अडकत नसतं," आणि आत गेलो. माझा बेत साधा होता. एक गाणं मी दार सांभाळतो, तेवढ्यात बारकी आत जाऊन डोळे भरून बघून येते. दार सांभाळायला गावात माझ्याहून लायक माणूस कोण?

दार सापडलं. ओढलं. बारकी स्टुलावर ताठ बसलेली, तळहात आतल्या दारावर टेकलेला.

"दादा! तू इथे कसा? जा, आधी जा!"

"तू जा आत. एक गाणं. मी आहे इथे."

"अरे पट्टी नाही तुझ्या हाताला! कोणी बघितलं तर गेलं सगळं."

"कोण बघतंय?" म्हणून मी आत पाऊल टाकलं.

आता इथे शटरवाल्यांची एक सवय समजून घ्या. अर्ध्या शटरखाली शिरायचं तर आधी पाचर मारायची, नाहीतर वरून आलं की मान गेली. माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी हातात हत्यार नाही दिलं, लाकडाची पाचर दिली. ती माझ्या खिशात असते आणि दारातून आत जाताना ती कधी खाली पडते आणि कधी मी पायाने सारतो, हे मला कळतसुद्धा नाही. त्या दिवशीही कळलं नाही. मागे ते जड दार आपोआप यायला लागलं, बारकीने घाबरून दोन्ही हातांनी ओढलं, आणि दार पाचरीवर चढून घट्ट बसलं. करंगळी जाईल एवढी फट राहिली. पुढे जाईना, मागे येईना.

बारकीने खाली बघितलं, मग माझ्याकडे.

"ही तुझी पाचर आहे?"

मी वाकून पाचर ओढली.

लाथ मारली, खांदा लावला, छिन्नी घातली. पाचर चांगल्या लाकडाची, उस्तादाच्या हातची, हलली नाही. बाहेरचं दार बसलेलं नाही, म्हणून आतलं उघडणार नाही. आम्ही भाऊबहीण मधे. थोड्या वेळाने मला जाणवलं की हवा कमी आहे. नसेल कमी, पण मला तसं वाटलं. काळा गालिचा आवाज गिळतो, आपण बोललेलं आपल्यालाच परत येत नाही. पायाखालून नुसती धडधड. पाठीवरून घाम धारेने. मी त्या फटीला नाक लावून उभा राहिलो, मी, रस्त्यावर दार उभं करणारा माणूस.

बारकीने माझा हात धरून आतल्या दारावर टेकवला. "असा ठेव. धडधडतंय तोवर लोक नाचताहेत. थांबलं की टाळ्या. मग परत." मी विचारलं, "याने काय होतं?" म्हणाली, "तिकडच्या घरी दाराला हात लावला तर काहीच लागायचं नाही. इथे पलीकडे माणसं आहेत हे तरी कळतं."

तेवढ्यात त्याच दारावर आतून थाप पडली. कोणालातरी बाहेर यायचं होतं. बारकी दाराला तोंड लावून ओरडली, "डावीकडच्या दाराने जा ताई, डावीकडच्या!" परत थाप. परत ओरडली. मग थाप थांबली. ती स्टुलावर बसली आणि हळू म्हणाली, "लाल दिवा लागला असेल. आता ही तक्रार. गेली खोली."

मी पिशवीतून हातोडा काढला. "थांब. बिजागऱ्याच खोलतो. दार बाजूला ठेवतो."

तिने माझं मनगट धरलं. एवढा जोर तिच्यात कुठून आला कोण जाणे.

"दादा, हे दार काढलंस तर मला जन्मभर तुझ्या खाटेच्या मागे राहावं लागेल."

जन्मभर तुझ्या खाटेच्या मागे. हे ती चिडून नाही बोलली. चहात साखर कमी आहे म्हणावं तसं बोलली. मी हातोडा पिशवीत ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी एका दारापुढे हात बांधून उभा राहिलो, आणि सांगतो, दार तोडायला लागतो त्याच्या दसपट दम त्याला लागतो.

बाहेर पावलं वाजली. मॅडम आणि दोन गार्ड. एकाने पहार घालून दार उचललं, पाचर उडून पॅसेजमध्ये पडली. मॅडमनी आधी बारकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा कोण?"

मी कुठेही गेलो तरी पहिलं वाक्य ठरलेलं, मी हिचा मोठा भाऊ. शाळेत, सासरी, बाजारात, तेच. ते वाक्य ओठावर आलेलं होतं. गिळलं. अख्खं गिळलं.

"कोणी नाही," मी म्हटलं. "फुकटात कार्यक्रम बघायला घुसलो. ही बाई सोडेना, म्हणून दारात पाचर घातली. बाई कसली, कजाग आहे नुसती! कुठून आणता असली माणसं?"

मॅडम बारकीला म्हणाल्या, "खरं?"

बारकी माझ्याकडे बघत नव्हती. "मी आत सोडलं नाही मॅडम, एवढं खरं."

मॅडमनी तिचं नाक बघितलं. मग माझं बघितलं. परत तिचं. मला वाटलं, संपलं. मग पाचर उचलून त्या म्हणाल्या, "घालवा याला बाहेर. कॉलर धरून."

मला आजवर पुष्कळ ठिकाणी मानाने बसवलंय, पण जसं मला तिथून काढलं तसं कोणाला काढलं नसेल. दोन गार्ड दोन बाजूंना, पिशवी खळखळतेय, माझ्याच शटरसमोरून, सलाम ठोकणाऱ्या वॉचमनसमोरून. आणि गेटबाहेर किटली घेऊन कोण उभा? आमचा चहावाला. गर्दी बघून धंद्याला आलेला.

"अरे शेठ! बहिणीनेच हाकललं की काय?"

गार्डांचे हात अजून कॉलरवर होते. मी म्हटलं, "कुठली बहीण? माझी कोणी इथे कामाला नाही. थापा मारत होतो इतके दिवस."

चहावाला इतका हसला की किटली हिंदकळली. त्या कोपऱ्यावर पुढे बरेच दिवस मला 'स्टार' म्हणून हाक मारायचे. मारू दे.

तक्रार घुसखोराच्या नावावर गेली, दाराच्या नाही, आणि बारकी पर्मनंट झाली. पर्मनंट म्हणजे काय, तर त्याच दोन दारांच्या मधे, आता दुसरे कोणीतरी गायला येतात. त्या स्टारला तिने शेवटपर्यंत बघितलं नाही. पण खोली मिळाली. मी पेटी डोक्यावर घेऊन गेलो. मॅडम चावी द्यायला उभ्या होत्या.

"हे कोण?"

मी बारकीकडे बघितलं. आता माझं वाक्य मी नाही म्हणणार.

"माझा मोठा भाऊ," बारकी म्हणाली. "शटरचं काम करतो."

"असं का? नाकावरून वाटलंच," मॅडम म्हणाल्या. "मागच्या बाजूला सामान उतरवायचं शटर अडकतं. येऊन बघा. खिसे गेटवर रिकामे करून या."

वर खोली लहानच आहे. आमच्या स्वयंपाकघरापेक्षा थोडी मोठी. बारकीने आधी खिडकी उघडली, मग दार सताड उघडं ठेवलं, आणि तरी आत न येता उंबऱ्यावरच उभी राहिली.

"दादा, पिशवी आणलीयेस ना?"

"मी पिशवीशिवाय कुठे जातो?"

"मग ही बाहेरची कडी काढून टाक."

मी कडी काढली. कोयंडाही काढला. स्क्रूची भोकं बुजवली, वरून घासलं, बोट फिरवून बघितलं. तिथे कधी कडी होती हे कोणाच्या बापाला कळणार नाही, असं काम आहे ते. वाटलं तर जाऊन बघा.